समुद्राकाठी जातो, पण दिसत काहीच नाही. चुकतंय कुठे?

किनारी
शहराला विटून गेल्या दोन वर्षांत आम्ही दोन मोठ्या सहली केल्या. दोन्ही समुद्राकाठी, दोन्ही 'यंदा निसर्ग बघायचा' असं घोकून. दोन्ही वेळा हात हलवत परत.

पहिल्यांदा उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावर पफिन बघायला गेलो. ते रंगीत चोचीचे, गोलमटोल पक्षी. बोटीत उलट्या करत पोचलो, तर बेटावर नुसती बिळं. ऑगस्टचा मध्य होता. पिल्लं वाढवून पफिन जुलैअखेरीसच खोल समुद्रावर निघून गेले होते. बुकिंग घेताना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. लेकीने एका बिळापाशी वाकून "कुणी आहे का घरात?" अशी हाक मारली, तेवढीच करमणूक.

दुसऱ्यांदा चिखलाटीचा किनारा, स्थलांतरित पक्ष्यांसाठी नावाजलेला. भर दुपारी बाराला पोचलो. पाणी पार क्षितिजाला टेकलेलं, मधे चकाकणारा चिखल, आणि पलीकडे तीळ सांडल्यासारखे ठिपके. नवरा म्हणाला, "ते पक्षीच आहेत हे कशावरून?"

आता तिसरी सहल. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (गुडघे कुरकुरतात, त्या नाही). मत्स्यालय नको, डॉल्फिनचे खेळ नकोत, जत्रा भरलेली चौपाटी नको. नक्की काहीतरी दिसेल असं ठिकाण सुचवा. जगात कुठेही चालेल.

टवाळ
खात्रीने दिसणारं हवंय? किनाऱ्याचं पार्किंग. दोन कावळे असतातच.
(हलकेच घ्या.)

खारावारा
किनारीताई, ठिकाणं दोन्ही वेळा बरोबर होती. पहिल्यांदा महिना चुकला आणि दुसऱ्यांदा तर चारेक तासच चुकले.

चिखलाटीवरचे पक्षी ओहोटीच्या मागे मागे जातात. पाणी हटलं की ओल्या चिखलात किडे आणि शिंपले टोचायला मिळतात, मग ते किनाऱ्याजवळ कशाला थांबतील? भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे आणतं. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी काठावर जाऊन गुपचूप बसायचं, बस्स. बाराचे ठिपके संध्याकाळी दगड फेकण्याच्या अंतरावर आले असते. (फेकू नका.)

किनारी
चार तास!! नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणतो, मी तेव्हाच म्हणत होतो थांबूया. अजिबात म्हणत नव्हता.

घरकोंबडा
अडाणी प्रश्न: भरतीची वेळ रोज बदलते ना? मग महिनाभर आधी बुकिंग करताना कशी कळणार?

पाऊणतास
घरकोंबडा, प्रश्न अजिबात अडाणी नाही. भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी छापून तयार असतात. चंद्र-सूर्याचं गणित आहे, पावसाचा अंदाज नव्हे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

सहलीची तारीख ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटीही सर्वांत खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. बऱ्याच ठिकाणी उधाणाचा कळस तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो.

आता एक गंमत, जी कोष्टक चाळल्याशिवाय लक्षात येत नाही. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या एखाद्या किनाऱ्यावर उधाणाची खोल ओहोटी दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच सुमाराला येते. एखाद्या गावी ती सकाळी सातच्या आसपास येत असेल, तर पुढच्या अमावास्येलाही सातच्याच आसपास. दुसऱ्या गावी ती दुपारी एकला. म्हणून ज्याला खडकांतली तळी बघायचीत आणि गर्दी टाळायचीय, त्याने सकाळच्या ओहोटीचा किनारा निवडावा. दहाला लोक यायला लागतात तेव्हा पाणी चढत असतं आणि आपण परत निघालेलो असतो.

अपवाद आहेत. भूमध्य समुद्रात आणि बाल्टिकमध्ये भरती जेमतेम जाणवते. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात चढउतार १६ मीटरपर्यंत जाते. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते.

टवाळ
पाऊणतास, तुमचा आयडी असा का, ते आज कळलं. पाच मिनिटं कुठे गेली?

पाऊणतास
तुमच्यासारख्यांना उत्तरं देण्यात.

निवटी
वाचनखूण साठवली. :) सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून दोन पैसे टाकते.

किनारीताई, लेक नऊ वर्षांची आहे ना? मग पक्ष्यांच्या आधी खडकाळ किनारा. उधाणाच्या ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि उतरणाऱ्या पाण्याच्या मागे हळूहळू खाली जा. पाणी वळलं की तुम्हीही वळा.

एक तळं निवडा, ताटाएवढंही चालेल. त्याच्याशेजारी बसा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. तुमची सावली पडली की सगळे दडतात. मग एक शंख चालायला लागतो. गोगलगायीपेक्षा भलताच जोरात, म्हणजे आत गोगलगाय नाही, भाडेकरू खेकडा आहे. खडकावर लालसर जेलीचा गोळा चिकटलेला असतो, तेच समुद्रफूल मिटलेलं. पाण्यात असलं तर पाकळ्यांसारख्या सोंडा पसरून बसलेलं दिसेल. आणि खडकावर जे खरखरीत पांढरे फोड असतात, ज्यांनी तळवे सोलवटतात, ते बार्नकल. खेकड्या-कोळंबीचे नातलग. लहानपणी पोहत येतात, डोकं खडकाला कायमचं चिकटवतात आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न ओढतात. पाण्याखालचा एखादा बघा: वरची झडप उघडते, पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात हात फिरवल्यासारखे वळतात, आत जातात. पुन्हा बाहेर.

दगड उलटलात तर जसा होता तसा हलक्या हाताने परत ठेवा. खालच्या बाजूला जे राहतात ते उन्हात आणि वाऱ्यावर टिकत नाहीत. आणि काहीही घरी आणायचं नाही, 'रिकामा' शंखसुद्धा. भाडेकरूला पुढचं घर तिथूनच मिळतं.

खारावारा
निवटी, मस्त प्रतिसाद. फक्त 'पाणी वळलं की वळा' हे ठळक अक्षरांत हवं होतं. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे सुरुवातीला वाटतं, अजून भरपूर वेळ आहे, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. सपाट चिखलाटीवर ते मागच्या खाचांमधून फिरून येतं आणि परतीची वाट आधी बुडते. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागरात फेब्रुवारी २००४ मध्ये शिंपले गोळा करणारे किमान २१ मजूर असेच अडकून बुडाले. चिखलाटीत आत चालत जायचं तर तिथला वाटाड्या हवाच. वॅडन समुद्रात, म्हणजे नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून जो जागतिक वारसा आहे तिथे, लोक ओहोटीत बेटांपर्यंत चालत जातात, पण वाटाड्यासोबत.

चष्मिष्ट
सगळं खरं, पण मूळ मागणीलाच माझी हरकत आहे. 'नक्की दिसेल असं ठिकाण' म्हणजेच गर्दीचं ठिकाण. जिथे खात्री आहे तिथे सगळे पोचतात.

कोस्टा रिकामधलं ओस्तिओनाल घ्या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी एकदम अंडी घालायला वर येतात. आपल्याकडे ओडिशात ऋषिकुल्या आणि गहिरमाथाला येतात तशीच. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे इतके पर्यटक वाळूत उतरले की कासवांना वर यायला वाट मिळेना, काही अंडी न घालताच पाण्यात परतली. पाठीवर पोरं बसवून फोटो काढल्याच्याही बातम्या होत्या. निसर्ग 'अनुभवायला' आलेलेच लोक ते.

भटकभवानी
चष्मिष्ट, तत्त्वतः सहमत, पण सगळ्या गर्दीला एकाच काठीने हाकू नका. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला छोटे पेंग्विन रोज अंधार पडताना समुद्रातून वर येतात. जेमतेम फूटभर उंचीचे! लाटेतून दहा-बारा जणांचं टोळकं बाहेर येतं, बिचकतं, परत पाण्यात पळतं. तीनदा असं झाल्यावर एक शहाणा पुढे होतो आणि बाकीचे त्याच्या मागे धावत सुटतात. बघायला शेकडो माणसं असतात, पण बांधलेल्या पायऱ्यांवर, आणि फोटोला पूर्ण बंदी. मोबाइल खिशात गेल्यावर शेकडो माणसं किती गप्प बसू शकतात ते मी तिथे पाहिलं. सासूबाईंनाही बसायला जागा.

चष्मिष्ट
फोटोबंदीला दोन हातांनी अनुमोदन. पण ते स्टेडियमच झालं ना? किनारीताईंना शहरापासून लांब जायचंय.

भटकभवानी
मग हर्मानस, दक्षिण आफ्रिका. जून ते नोव्हेंबर सदर्न राइट देवमासे पिल्लं घेऊन किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. बोट नको, तिकीट नको, उलट्या नकोत. कड्यावर उभं राहायचं. आधी दिसतो तो श्वास, इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला फवारा. वारा योग्य असेल तर आवाजही येतो, कुणीतरी मोठा सुस्कारा टाकल्यासारखा.

एकटाजीव
माझं मत कुणाला आवडणार नाही. जाऊच नका. निसर्गाला तुमच्या सहलीची गरज नाही. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात बोल्सा चिका इथे एक ड्रोन कोसळला आणि सुमारे तीन हजार सुरय पक्षी घरटी सोडून उडाले ते परत आलेच नाहीत. दीड हजारांवर अंडी तशीच वाळूत पडली. एका खेळण्यापायी.

टवाळ
एकटाजीव, तुम्ही इथे लिहिताय म्हणजे तुम्हीही घराबाहेर गेलेला नाहीत. आदर्श पर्यावरणवादी!

निवटी
टवाळ, थट्टा नको, त्यांचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. किनाऱ्यावरचे पक्षी उडवणं ही किरकोळ गोष्ट वाटते, कारण ते दहा मिनिटांत पुन्हा बसतात. पण २०२२ मध्ये अंगावर ट्रान्समीटर लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघून न थांबता थेट टास्मानियात उतरला. ११ दिवस, १३,५६० किलोमीटर, आणि तो होता जेमतेम पाच महिन्यांचा. अशा पक्ष्याने भरतीच्या वेळी जागा धरून विश्रांती घेतलेली असते आणि आपण 'उडतानाचा फोटो' म्हणून टाळ्या वाजवतो. पक्षी खायचं थांबवून मान वर करून बघायला लागले की आपण जास्त जवळ आलोय. तिथूनच मागे सरायचं.

'जाऊच नका' मात्र पटत नाही. मी या विषयात आले ती आठ वर्षांची असताना बाबांनी एक तळं दाखवलं म्हणून.

एकटाजीव
निवटी, ठीक आहे. एवढं तरी करा, ठिकाणांची नावं आणि नकाशे इथे टाकू नका. प्रसिद्ध जागांना निदान पहारेकरी असतात. अनवट जागा एका धाग्याने मरते.

भटकभवानी
हे पटलं.

शिंपला
जाता जाता, रात्री चमकणाऱ्या लाटा कुणी पाहिल्यात का? मी एकदाच पाहिल्या. फोटोतल्यासारखा निळाशार दिवा वगैरे काही नव्हता. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग वाळूत पाय आपटला तर पावलाभोवती ठिणग्या. लाट फुटताना फिकट निळी रेघ, संपली.

निवटी
शिंपला, बहुधा नॉक्टिलुका किंवा तसलेच एकपेशीय जीव. पाणी ढवळलं की चमकतात. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून फोटो काढतात म्हणून तो गडद निळा येतो. बघायचं असेल तर चंद्र नसलेली रात्र हवी, टॉर्च बंद, आणि डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं. मोबाइल एकदा बघितलात की पहिल्यापासून सुरुवात.

पाऊणतास
पुन्हा अमावास्या! तिथी पाळणारे प्राणीही आहेत बरं का. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रुनियन नावाचा बोटभर-वीतभर मासा उन्हाळ्यात अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, भरती ओसरायला लागली की लाटेबरोबर वाळूवर येतो. मादी शेपटीवर उभी राहून वाळूत रुतते आणि अंडी घालते. पुढची पाण्याची धडक पोचते ती पुढच्या उधाणाला, सुमारे दोन आठवड्यांनी, आणि त्या हिंदकळण्यानेच अंडी फुटतात. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात मे-जूनमध्ये नालखेकडे असेच उधाणाच्या रात्री वर येतात. त्यांची अंडी खाऊन रेड नॉट पक्षी वजन जवळपास दुप्पट करतात आणि आर्क्टिककडे निघतात. म्हणजे पक्ष्यांचं वेळापत्रक खेकड्यांवर आणि खेकड्यांचं चंद्रावर.

टवाळ
आणि आमचं साहेबांच्या रजेवर. साहेब अष्टमीलाच रजा देतात.

पाऊणतास
मग कांदळवनात जा, तिथे भांगही चालते.

घरकोंबडा
ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खडकावर कसं उतरायचं? किनारीताईंच्या सासूबाईंचा विचार कुणीच केला नाही.

निवटी
बरोबर, राहूनच गेलं. कांदळवनातला लाकडी पूल उत्तम. ओहोटीत पुलाच्या कठड्याला टेकून खाली बघायचं. माझे नावबंधू निवटे दिसतात, पाण्याबाहेर राहणारे मासे! कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. नर पाठीवरचा पर उभारून एकमेकांवर धावून जातात, आणि मग दोघंही विसरून चिखल चाटत बसतात. शेजारी एकच भलामोठा आकडा असलेले खेकडे तो आकडा हलवत कुणालातरी बोलावत असतात.

नाहीतर घडीचं स्टूल. खडकाळ किनाऱ्याच्या वरच्या, कोरड्या टप्प्याजवळही तळी असतात.

शिंपला
दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार २०x म्हणतोय.

खारावारा
दुकानदाराला हात जोडा. ८x४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. २०x हातात धरली की पक्षी नाही, स्वतःचे ठोके दिसतात. आणि तळ्यात बघायला तीच दुर्बीण उलटी धरा, मागच्या भिंगाजवळ बोट नेऊन बघा. भिंगाचं काम करते.

किनारी (पाच आठवड्यांनी)
जाऊन आलो! ठिकाणाचं नाव देत नाही, एकटाजीव खूश होतील.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची ओहोटी सकाळी सात दहाची होती. साडेपाचला सगळ्यांना उठवलं, त्याबद्दल नवऱ्याने केलेली भाषणं इथे लिहीत नाही. किनाऱ्यावर आम्ही चौघं आणि एक कुत्रा. नवरा शेवाळावरून दोनदा घसरला. लेक एका बार्नकलसमोर पोटावर पडून राहिली, मोजून चाळीस मिनिटं. "आई, ते हात नाहीत, पाय आहेत," असं तिने मला पाच वेळा सांगितलं.

पण सगळ्यांत जास्त सासूबाईंना दिसलं. त्या वरच्या तळ्यापाशी स्टुलावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. आम्ही तिघं इकडून तिकडे उड्या मारत होतो. अर्ध्या तासाने त्यांनी हाक मारली, हळूच. समोरच्या दगडाला डोळा होता. दगडाने रंग बदलला, तपकिरीचा करडा झाला, मग तो फटीत ओतल्यासारखा निघून गेला. ऑक्टोपस! लेक पोचेपर्यंत शेवटचा हात आत जात होता. ती रडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मला वाटलं, ओळखीचा आहे."

दुपारी चिखलाटीवर गेलो, भरतीच्या दोन तास आधी. पाणी चढत आलं तसे पक्षी आले. आधी ठिपके, मग पाय फुटलेले ठिपके, मग चोची. नवऱ्याला विचारलं, "पक्षीच आहेत ना?" तो दुर्बीण सोडायला तयार नव्हता.

लेकीचा एक प्रश्न आहे. खडकावर टोपीसारख्या शंखाचे प्राणी घट्ट चिकटलेले होते. एकाच्या बाजूला रिकामी, त्याच आकाराची खळगी होती. ते काय?

निवटी
ते लिंपेट, आणि ती खळगी म्हणजे कुणाचंतरी घर! पाणी आलं की लिंपेट शेवाळ खरवडत फिरतो आणि ओहोटी लागायच्या आत पुष्कळदा नेमका आपल्या जागी परत येतो. शंखाची कड घासून घासून त्या जागेला तंतोतंत बसते, म्हणून आतली ओल टिकते. खरवडणारे त्याचे दातही साधे नाहीत. २०१५ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा तोवर माहीत असलेल्या सर्व जैविक पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले.

किनारी
म्हणजे ती खळगी रिकामी होती कारण तो...?

निवटी
गेला असेल. किंवा पाण्यातून परत यायला उशीर झाला असेल. लेकीला पहिलंच सांगू नका.

किनारी
उशीर झालाय असं सांगितलंय. तिने वहीत दगडाचा नकाशा काढून खळगीवर फुली मारलीय. परत येऊन बघायचं म्हणते. पाऊणतासकाका, पुढची अमावास्या कधी?

पाऊणतास
तारीख कॅलेंडरात आहे. ओहोटी सातच्या सुमारास.

टवाळ
पार्किंगमध्ये कावळे होते का ते सांगा.

किनारी
तीन.